गौरीची मुकी वाट

हरतालिकेच्या आदल्या दिवशी लागलेला पाऊस गणपती बसले तरी हटला नाही. ऋषिपंचमीला तो थांबला. शरयूनं मागचं दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच खिळून राहिली. बांधापलीकडचं शेजारच्या रीमरचं सगळं रान नाहीसं झालं होतं. मका नव्हता, कुंपण नव्हतं, रस्त्याकडे जाणारी वाट नव्हती. तिथं दुसरं एक आभाळ पसरलं होतं. वरच्या आभाळातले ढग खालच्या आभाळातून अलगद सरकत होते, आणि त्या दोन आभाळांच्या मधोमध रीमरचा तांबडा गोठा कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा उभा होता.

तिच्या हातात पोळी होती. तव्यावरची पहिली पोळी गाईची, हे तिचं रोजचं व्रत. गुहागरला तिनं ते आईकडून घेतलं होतं, आणि मिशिगनमधल्या या काळ्या सपाट रानात येऊनही सोडलं नव्हतं. तिचा नवरा श्रीरंग आगाशे सॅगिनॉच्या कारखान्यात गाड्यांच्या स्टिअरिंगच्या विभागात इंजिनियर. शहरात राहायचं सोडून त्यानं हौसेनं ही जमीन घेतली. गाय काही घेतली नाही. मग शरयू रोज सकाळी पदराखाली पोळी झाकून बांध ओलांडायची आणि रीमरच्या गोठ्यातल्या पहिल्या गाईच्या तोंडात घालायची. पहिल्या दिवशी एल्मा रीमर दुधाची बादली हातात धरून बघतच राहिली होती. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तर मी इतक्या सकाळी काही देत नाही." तेव्हापासून दोघींचं जमलं. एल्माला 'शरयू' म्हणता यायचं नाही. ती 'श्राऊ' म्हणायची.

आज बांधापाशीच वाट संपली. पलीकडे गोठ्याच्या उतरणीवर गायी दाटीवाटीनं उभ्या होत्या, गुडघ्यांपर्यंत पाण्यात. शरयूला पाहून त्यांतली एक हंबरली. मग सगळ्याच हंबरल्या. तो आवाज पाण्यावरून असा आला, जणू त्या तिच्या अंगणातच उभ्या होत्या.

शरयूनं पोळी बांधावर ठेवली, हात जोडले आणि ती परत फिरली. व्रत मोडलं नव्हतं, पण पुरंही झालं नव्हतं.

*

नदी ओसरली तरी रीमरच्या रानातलं पाणी हलेना. ते रान बशीसारखं. एका बाजूला मोठ्या रस्त्याचा उंच भराव, दुसऱ्या बाजूला आगाशांचा बांध. भरावाखालून पाणी जायला मोरी होती. ती पुरात खचली आणि गाळानं बुजली. आगाशांचं रान त्याहून खाली, थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. तो जुना बांध होता म्हणूनच ते कोरडं राहिलं होतं.

आणि त्या कोरड्या रानात शरयूचा घेवडा उभा होता. पांढरा, टपोरा, इथले लोक ज्याला नेव्ही बीन म्हणतात तो. पहिली दोन वर्षं श्रीरंगनं पुस्तकं वाचून शेती केली आणि तणानं पीक खाल्लं. या वर्षी शरयू म्हणाली, "खालचं रान मला द्या." उन्हाळाभर ती लांब दांड्याचं खुरपं घेऊन ओळीओळीनं फिरली. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. जपाची माळ ओढताना ते घट्टे मण्यांना लागायचे. आता पानं पिवळी पडली होती, शेंगा वाळत आल्या होत्या. आठवडाभर ऊन मिळालं की उपटणीच.

तिसऱ्या प्रहरी कौंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, अधिकारी मिस्टर डन आले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळाला घाम. त्यांच्याबरोबर राज्याच्या राजधानीहून, लॅन्सिंगहून, आलेला एक तरुण अधिकारी होता. त्याचा शर्ट अजून पांढरा होता. एल्माचा नवरा ऑटो रीमर होडी वल्हवत बांधापाशी आला आणि होडीतच बसून राहिला. तो साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस; चार दिवसांत ते खांदे खाली आले होते.

शरयू चहा घेऊन गेली. ती बांधाच्या कडेला ट्रे धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली.

"मोरी उकरायची तर भराव फोडायला हवा," डन म्हणाले. "भराव बांधला वॉशिंग्टनच्या पैशानं. त्याला आम्ही हात लावू शकत नाही."

"मग वॉशिंग्टनला सांगा," श्रीरंग म्हणाला.

"सांगितलं. ते म्हणतात, आता दिवस बदलले. प्रत्येक पुराला, प्रत्येक वादळाला आम्ही धावायचं, हे बंद. ज्यानं त्यानं आपल्या राज्याचं बघावं."

सगळ्यांनी पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं.

तो घसा साफ करून म्हणाला, "राज्याला मान्य आहे. म्हणजे तत्त्वतः. पण राज्याकडे अजून तशी व्यवस्था नाही. तोपर्यंत पहिली जबाबदारी कौंटीची."

"कौंटीकडे एक पंप आहे," डन म्हणाले, "आणि तो पाण्याखाली आहे."

होडीतून ऑटो हसला. हसणं कसलं, घशात काहीतरी घासलं. "म्हणजे वॉशिंग्टननं लॅन्सिंगकडे सोडलं, लॅन्सिंगनं तुझ्याकडे. तू कुणाकडे सोडणार, डन? माझ्या गायींकडे?"

शरयूला वाटलं, ही जबाबदारीसुद्धा पाण्यासारखीच आहे. उंचावर कुठं ठरत नाही. वरून खाली, खालून आणखी खाली, उतार शोधत येते. एवढं थोरलं हे राज्य, माणसं चंद्रावर धाडणारं, आणि त्याला एका मोरीपर्यंत पोचायला हात सापडत नव्हता. तिला राग आला नाही. देवळाच्या कळसाकडे मान वर करून पाहताना भोवळ यावी तसं काहीसं झालं.

डननी चहाचा घोट घेतला आणि बांधाकडे बघत, जरा चाचरत म्हणाले, "एक वाट आहे. हा बांध. सरकारी नाही, खाजगी आहे. इथं कापला तर पाणी उतारानं ओढ्याला जाईल. एका दुपारचं काम."

"माझ्या घेवड्यातून," असं शरयूच्या मनात आलं.

"तुम्ही लेखी सांगा, मग बघू," श्रीरंग म्हणाला.

"मी लेखी सांगितलं तर भरपाईही मीच द्यायची," डन म्हणाले. "मी फक्त एक वाट आहे एवढंच म्हटलं."

ऑटोनं वल्हं उचललं. "मी काही मागितलेलं नाही, रँगा," तो श्रीरंगला म्हणाला. "ती उन्हाळाभर त्या रानात वाकलेली मी पाहिली आहे." त्यानं शरयूकडे बघून टोपीला हात लावला, आणि होडी वळवली.

*

संध्याकाळी जेवताना दीपा म्हणाली, "एल्मा आंटीच्या बेसमेंटची वॉल आत आली आहे. लाइक, बेंड झाली आहे. शी इज स्लीपिंग अपस्टेअर्स विथ हर शूज ऑन."

दीपा, त्यांची लेक, सोळा वर्षांची. तिचा जन्म इथलाच. मराठी समजायचं सगळं, पण बोलताना इंग्रजीकडेच धाव.

"आणि गायी?" शरयूनं विचारलं.

"दोन खाली बसल्या आहेत. त्यांचे पाय, आय मीन, खूर सॉफ्ट झाले आहेत. ऑटो अंकल म्हणाले, एकदा बसली की उठत नाही."

श्रीरंगनं आमटीत भात कालवला, आणि तसाच ठेवला. "हे बघ शरयू, आपण कापायचा म्हणजे सरकारला सोडून दिल्यासारखं. उद्या सगळेच म्हणतील, आगाशांनी केलं, तुम्हीही करा. हे त्यांचं काम आहे. आपण नाही का टॅक्स भरत?"

"अहो, पण त्या गायींना कुठं ठाऊक आहे कुणाचं काम ते?"

"तुझं रान आहे. तूच राबलीस. मी 'काप' म्हणणार नाही आणि 'नको' म्हणणार नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि उद्याची गौर यंदा राहू दे. ओढा अजून फुगलेला आहे. पाय घसरला म्हणजे? देव समजून घेतो."

शरयू गप्प बसली. श्रीरंगला वाटलं, पटलं.

*

आगाशांकडे खड्यांच्या गौरी. सवाष्णीनं किंवा कुमारिकेनं वाहत्या पाण्यातून सात खडे आणायचे, वाटेत तोंड उघडायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही, आणि हातातलं भांडं देव्हाऱ्याशी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. सासूबाईंनी तिला हे शिकवलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "एकदा पाण्यातून उचलली की ती माहेरवाशीण. माहेरवाशिणीला वाटेत खाली बसवायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी शरयू नेसूचं हिरवं लुगडं पोटरीवर खोचून, पायात श्रीरंगचे रबरी बूट घालून, तांब्याची वाटी घेऊन निघाली. दीपाला म्हणाली, "उंबऱ्यापाशी पाण्याचा आणि दुधाचा तांब्या ठेव. मी येईन तेव्हा पायावर घालायचा आणि विचारायचं. आठवतं ना?"

"आई, आय डू धिस एव्हरी इयर."

घेवड्याच्या रानातून ती ओढ्याकडे उतरली. वाळक्या शेंगा लुगड्याला लागून खुळखुळत होत्या. तो आवाज तिला इतका आवडायचा की ती एरवी हळू चालायची. आजही ती हळूच चालली. एका ओळीत मध्येच थांबून एक शेंग तिनं सोलली. आत चार दाणे, मोत्यासारखे. ते तिनं परत मातीत टाकले आणि मातीला हात लावून तो डोळ्यांना लावला. काय करायचं ते रात्री अंथरुणावर पडतानाच ठरून गेलं होतं. गौर घरी नेऊन बसवायची, मग श्रीरंगला सांगायचं: कापा.

ओढा तांबूस, जोरकस वाहत होता. तिनं एका हातानं काठावरच्या विलोच्या झाडाचं मूळ धरलं, दुसरा हात पाण्यात घातला. पाणी एवढं गार की हाड ठणकलं. बोटं चाचपत राहिली. एकेक खडा वर येत होता. एक करडा, एक काळा, एक मधासारखा पिवळा. किती लांबून वाहत आले असतील, कुठल्या डोंगराचे असतील. ते घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते की मुठीत ठेवले तर कुणाचा तरी हात हातात घेतल्यासारखं वाटावं. सात झाले. तिनं ओंजळभर पाण्यासकट वाटीत घेतले, वर पदर झाकला, मनातल्या मनात 'चल बाई' म्हटलं, आणि तोंड मिटलं.

परत येताना बांधावर माणसं दिसली.

ऑटो होता. पलीकडच्या घरांतले चौघे-पाच होते. खांद्यावर फावडी, पण कुणी बांधाला लावलं नव्हतं. श्रीरंग त्यांच्यासमोर उभा होता. डन जरा दूर, गाडीला टेकून, जणू ते इथं आलेलेच नाहीत.

"आलीच ती," श्रीरंग म्हणाला. "शरयू, ऑटोची एक गाय गेली आज सकाळी. एल्माला आत्ता बाहेर काढलं, भिंत पडली. हे विचारायला आलेत. मी म्हटलं, रान तिचं आहे, ती सांगेल."

शरयू थांबली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ऑटोनं टोपी काढून हातात धरली.

तिच्या ओठांपाशी शब्द आला, आणि वाटीतलं पाणी हललं. तिनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांनी ती श्रीरंगला सांगू पाहत होती, पदराखालच्या वाटीकडे नजर नेत होती. पण तो रात्रभर जागलेला, त्याच्या डोक्यातून गौर केव्हाच गेली होती. त्याला दिसली ती ओलीचिंब, रानाकडून आलेली, तोंड आवळलेली आपली बायको. पदरात काहीतरी उराशी धरलेली. त्याला वाटलं, तिनं शेंगा खुडून आणल्या आहेत. शेवटच्या.

"अगं, बोल ना."

ती बोलली नाही.

श्रीरंगनं मान खाली घातली. मग लोकांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, ऑटो. तिला नको आहे. मी तिला दोष देणार नाही."

"नाही, नाही," ऑटो घाईनं म्हणाला. "बरोबर आहे. तिचं बरोबर आहे." त्यानं टोपी घातली. माणसं वळली. एकानंही कपाळाला आठी घातली नाही, आणि तेच शरयूला सोसवेना. कुणीतरी शिवी दिली असती तरी बरं होतं. पाण्यापलीकडून एक गाय हंबरली, अर्ध्यातच थांबली.

बोलायचं नाही. टेकवायचं नाही. मागं पाहायचं नाही. शरयू पुढं झाली. डाव्या हातानं वाटी छातीशी घट्ट धरली, उजव्या हातानं ऑटोच्या खांद्यावरचं फावडं ओढलं. तो दचकला. तिनं फावडं बांधाच्या माथ्यावर रोवलं, त्यावर पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. बूट निसटला. पाय अनवाणीच पुन्हा ठेवला. एका हातानं उचलायला जड; ढेकूळ अर्धं सांडलं, अर्धं पलीकडे पडलं.

"शरयू! अगं, हे काय? रागानं असं करू नकोस!"

तिनं पुन्हा फावडं रोवलं. वाटीतलं पाणी तिच्या चोळीवर सांडलं.

तेवढ्यात घराकडून दीपा धावत आली. ती खिडकीतून बघत होती. अनवाणी, चिखल उडवत, हातात दुधाचा तांब्या तसाच.

"बाबा! शी कान्ट टॉक! आज गौर आहे, बाबा! ती बोलणार कशी?"

श्रीरंगचं तोंड उघडं राहिलं. त्यानं आता कुठं ती वाटी पाहिली.

दीपानं तांब्या बापाच्या हातात कोंबला, आईसमोर जाऊन दोन्ही हात पुढं केले. शरयूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ही पोर घटकाभर गप्प बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती. वाटी तिच्या ओंजळीत ठेवली आणि आपलं चिखलाचं बोट तिच्या ओठांवर टेकवलं. दीपानं मान हलवली. ओठ मिटले.

मग शरयूनं मोकळा श्वास घेतला. लुगडं पुन्हा खोचलं, दोन्ही हातांनी फावडं धरलं, आणि नवऱ्याकडे बघून एकच शब्द बोलली.

"खणा."

*

ते सगळे कसे तुटून पडले! ऑटो एका बाजूनं, श्रीरंग दुसऱ्या बाजूनं, बाकीचे मधे. फावडी मातीत घुसायची तो ओला दमदार आवाज, माणसांचे हुंकार, मातीचा जुना थंड वास. डन गाडीपासून निघाले, काही पावलं आले, थांबले. मग त्यांनीही बाही दुमडली. "मी इथं नाहीये," ते म्हणाले. "मला कुदळ द्या."

"नसलेल्या माणसाला कुदळ कशी देऊ?" ऑटो म्हणाला. पण दिली.

पहिल्यांदा पाणी आलं ते बोटाएवढं. कापलेल्या मातीतून एक तांबूस धार, लहान मुलानं काढलेल्या रेघेसारखी वाकडीतिकडी खाली गेली. सगळे थांबून तिच्याकडे बघत राहिले. धार घेवड्याच्या पहिल्या ओळीपर्यंत गेली, मुळाशी जरा घोटाळली, आणि वाट सापडल्यासारखी पुढं झाली.

"मागं व्हा!" ऑटो ओरडला.

बांध स्वतःच सुटला. आवाज आला तो कानांना नव्हे, तळपायांना. बैलगाडीएवढी माती एकदम उचलली गेली आणि तिच्यामागून ते सगळं दुसरं आभाळ उठून आलं. ते धावलं नाही, कोसळलं नाही. रुंद, चकचकीत, कमरेएवढं, एखादी राणी सभेत यावी तसं आलं. ओळींमागून ओळी त्यानं पांघरल्या. पिवळी पानं क्षणभर वर तरंगली, त्यांच्यात सूर्य फुटला, आणि ती गेली. रानात लपलेली हंसासारखी मोठी बदकं एकदम उडाली, शेकड्यांनी. त्यांच्या पंखांचा वारा तोंडाला लागला. पाण्याच्या पातळ कडेवर एक मासा उसळला, घेवड्याच्या वेलात चमकला आणि पुढं निसटला.

शरयूनं हात जोडले होते ते तिला नंतर कळलं. उन्हाळाभराचं तिचं वाकणं, तिचे घट्टे, त्या शेंगांचा खुळखुळाट, सगळं तिच्या डोळ्यांसमोर जात होतं. आणि तिला रडू येत नव्हतं. एवढं मोठं काही तिच्या रानातून चाललं होतं की रडायला ती स्वतः फार लहान होती. वॉशिंग्टनला जे जड झालं, लॅन्सिंगला झेपलं नाही, डनना पेललं नाही, ते तिच्या ओळी तुडवत ओढ्याला चाललं होतं.

तिनं दीपाकडे पाहिलं. दीपा वाटी छातीशी धरून उभी होती. डोळे विस्फारलेले, गालांवर चिखलाचे शिंतोडे, ओठ असे मिटलेले की पांढरे पडलेले. तिला ओरडायचं होतं, हे दिसत होतं. ती ओरडली नाही.

पलीकडे गोठ्याच्या उतरणीवर पाण्याची रेघ हळूहळू गायींच्या पायांवरून उतरायला लागली. आधी गुडघ्याखाली, मग खुरापर्यंत. बसलेल्या गायींपैकी एकीनं मान उचलली. ऑटो तिकडे बघत होता. त्यानं टोपी काढली, चेहऱ्यावर धरली, आणि तशीच धरून ठेवली.

*

घराकडे जाताना दीपा पुढं आणि शरयू मागं. आता गौर दीपाच्या हातात होती, म्हणून विचारायचं शरयूनं. ती घाईनं वळसा घालून आधी आत गेली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. पाण्याचा तांब्या तिथंच होता. श्रीरंग दुधाचा तांब्या घेऊन मागं उभा. त्यातलं दूध बरंच सांडलं होतं. अंगणात ऑटो, एल्मा, डन, सगळे चिखलानं माखलेले, काय चाललंय ते न कळता शांत उभे होते. एल्माच्या पायांत अजून ते झोपतानाचे बूट होते.

"कोण आलं?" शरयूनं विचारलं.

दीपानं ओठ उघडले.

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

दर वर्षी या प्रश्नाला घरात 'सोन्याच्या' असं उत्तर यायचं. दीपाला ते पाठ होतं. तिनं तोंड उघडलं, आणि खाली आपल्या पायांकडे पाहिलं. पोटरीपर्यंत काळा, चकचकीत चिखल. त्यात घेवड्याचं एक पिवळं पान चिकटलेलं.

"चिखलाच्या," ती म्हणाली.

शरयूच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिनं तो बाजूला ठेवला. मुलीचे पाय धुतले नाहीत.

"ये बाई," ती म्हणाली, "आत ये."

दीपा उंबरा ओलांडून आली. स्वयंपाकघरातून देव्हाऱ्यापर्यंत काळी ओली पावलं उमटत गेली, एकापुढं एक. त्या वर्षी शरयूनं रांगोळीची पावलं काढली नाहीत. हीच ठेवली, गौरी जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावरची पहिली पोळी पदराखाली घेऊन ती मागच्या दारानं निघाली. बांध जिथं कापला होता तिथं आता घोट्याएवढंच पाणी वाहत होतं. बूट हातात घेऊन तिनं त्यात पाय टाकला, आणि पलीकडून हंबरणं आलं.